दहा रात्रींचे कपडे

समुद्रकाठच्या माणसाला कपड्यांचा फारसा विचार करावा लागत नाही. वर्षातले चार महिने कपडे वाळत नाहीत आणि उरलेले आठ महिने ते अंगावर ठेववत नाहीत, एवढे वस्त्रशास्त्र आमच्या मालवणात पिढ्यान् पिढ्या पुरेसे झाले आहे. आमच्या बाजारात छत्र्या आणि रेनकोट हवे तितके मिळतात, पण लोकरीचा स्वेटर मागितला तर दुकानदार आधी आपल्याकडे नीट पाहतो आणि मग ‘कुणाक बरा नाय काय?’ असे विचारतो. स्वेटर हे आमच्याकडे वस्त्र नसून पथ्य आहे.

अशा गावातून आम्ही दोघी बहिणी आणि आमची शहात्तर वर्षांची आई नोव्हेंबर 2023 मध्ये मोटारीने जंगले पाहायला निघालो. थोरली आईसोबत मालवणातल्या घरात राहते. धाकटी मुंबईतली नोकरी संपवून नुकतीच परतली होती आणि गाडी तिची होती. भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी निघायचे आणि पौर्णिमेच्या आत परतून तुळशीचे लग्न लावायचे, ही आईची अट होती. म्हणजे हाती दहा रात्री होत्या. त्या दहा रात्रींसाठी काय बांधून न्यावे, या प्रश्नाने आम्हाला दिवाळीच्या फराळाइतकेच दमवले. प्रवासाबद्दल लिहायचे तर वाघापासून सुरुवात करायला हवी हे आम्हाला कळते. पण आम्हाला आज लिहायचे आहे ते त्या सामानाबद्दलच.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, बोरिवलीचे संजय गांधी आणि चांदोली. त्यांत ताडोबा सर्वांत जुने, 1955 चे. चांदोली सर्वांत अलीकडचे, 2004 चे. आमच्या जिल्ह्यात यांपैकी एकही नाही. आमच्या वाट्याला आले ते सागरी अभयारण्य. 1987 मध्ये सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र संरक्षित ठरवण्यात आला, आणि आपल्याच समुद्रावर आपल्याला बंदी येईल या भयाने इथल्या मच्छीमारांनी त्याला विरोध केला. ‘संरक्षित’ या शब्दाचा एक अर्थ ‘इथे आता तुम्ही नको’ असाही होतो, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. तो अर्थ पुढे प्रवासात पुन्हा भेटणार होता.

आम्ही तीन उद्याने निवडली. जाताना आंबोली, कोल्हापूर, सोलापूर, नांदेडवरून ताडोबा. तिथून मेळघाटातले गुगामल. आणि परतताना चांदोली. वाटा ठरल्या आणि मग लक्षात आले की आपण एका ऋतूत निघत असलो तरी चार हवांमधून जाणार आहोत. इंग्रजी पुस्तकांवर वाढलेल्यांना शरद म्हटले की पानगळ आठवते. आपली पानगळ शिशिरातली. आपला शरद म्हणजे स्वच्छ आभाळ, कापलेली भाते, दुपारी अंग भाजणारे ऊन आणि पहाटे पायाशी ओढून घ्यावेसे वाटणारे पांघरूण. आमच्याकडे मात्र त्यातले पांघरूणही नसते. समुद्र दिवसाची ऊब धरून ठेवतो आणि रात्री ती परत करतो, शिवाय हवेतली वाफ झाकण घातल्यासारखी वर असते. म्हणून किनाऱ्यावर दिवस आणि रात्र यांत अंतर थोडे. समुद्रापासून जितके आत जावे तितकी हवा कोरडी होत जाते, निरभ्र आभाळाखाली जमीन सूर्यास्तानंतर झपाट्याने निवते, आणि दुपारी घाम पुसणारा माणूस पहाटे हात काखेत घालून बसतो. विदर्भातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. आम्ही ते पुस्तकात वाचले होते. अंगाला ठाऊक नव्हते.

न अनुभवलेल्या थंडीसाठी सामान बांधणे हे न पाहिलेल्या जावयासाठी सदरा शिवण्यासारखे आहे. धाकटीने पुण्याच्या भाचीकडून दोन फुगीर निळी जाकिटे मागवून घेतली. थोरलीने यादी केली: आत सुती, मध्ये लोकरी, वरून वारा अडवणारे. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे, कारण ऊब कपड्यांपेक्षा त्यांच्यामध्ये अडकलेल्या हवेत असते आणि ऊन चढेल तसे एकेक उतरवता येते. हे तर्कशुद्ध होते. पण जाकिटे उघडून आरशासमोर उभ्या राहिलो तेव्हा पाच मिनिटांत दोघींना घाम फुटला, आणि आई ओटीवरून म्हणाली, “काढा गो ता, घोव येवन जीव जायत!” तिला ‘घाम’ म्हणायचे होते, हसू आवरेना म्हणून जीभ घसरली. मालवणीत घोव म्हणजे नवरा. आमच्या घरात त्या दिवाळीला हाच विनोद पुरला.

लांब बाह्या आणि पायमोजे यांबाबत मात्र थोरलीने कुणाचे ऐकले नाही. त्याला कारण होते. आईचे माहेर दोडामार्गाकडचे. 2016 पासून त्या तालुक्यात आणि मग सावंतवाडीच्या बांद्याच्या बाजूला माकडतापाचे रुग्ण सापडू लागले. हा ताप 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. तो गोचिडीच्या चाव्याने होतो, आणि माकडे मरून पडू लागली की ओळखावे की तो जवळ आला आहे. काजूच्या बागेत, पाचोळ्यात बसून काम करणाऱ्यांना त्याचा धोका अधिक. आमच्या नात्यातल्या बायका तेव्हापासून बागेत जाताना साडीवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि अंगाला तेल लावतात. विदर्भातही 2018 च्या पावसाळ्यात नागपूरकडे स्क्रब टायफस पसरला, तो गवतातल्या बारीक किड्यांनी. जंगलात अंगभर कपडे घालायचे ते शिष्टाचारासाठी नव्हे, ही गोष्ट आमच्या जिल्ह्यानेच आम्हाला शिकवली होती.

रंगांचा वाद दोन दिवस चालला. जंगलात भडक कपडे नकोत. खाकी, मातकट, शेवाळी रंग घालावेत, असे सगळीकडे लिहिलेले असते. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे उलटे वाटते. आमच्याकडे जाळ्याच्या तरंगत्या खुणेला लाल किंवा केशरी फडके बांधतात. बोटीवरचे जाकीट केशरी असते. समुद्रात माणूस दिसला तर वाचतो, म्हणून आमचे सगळे शहाणपण दिसण्यात आहे. जंगलाचे न दिसण्यात. आईच्या चार साड्यांत एक कुंकवाच्या रंगाची होती आणि ती काढायला ती तयार नव्हती. शेवटी आम्ही वाचून पाहिले आणि खजील झालो. हरणांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी आपल्यासारख्या तीन प्रकारच्या नसतात, दोनच प्रकारच्या असतात. लाल आणि हिरवा यांतला भेद त्यांना जवळजवळ कळत नाही. म्हणूनच केशरी वाघ हिरव्या गवतात चितळाला दिसत नाही. निळा रंग मात्र त्यांना ठळक दिसतो. म्हणजे चितळांपुरते बोलायचे तर आईची कुंकवी साडी निर्दोष होती आणि भाचीची निळी जाकिटे गुन्हेगार. पक्ष्यांची गोष्ट वेगळी. त्यांना आपल्याहून अधिक रंग दिसतात, त्यांच्यापासून काहीच लपत नाही.

आणि मग ते बोचके. आम्ही तीन बॅगा मोजून डिकीत बसवल्या तेव्हा आई एका जुन्या सोलापुरी चादरीत बांधलेले बोचके घेऊन आली. आत काय आहे, असे विचारले तर “असांदे” म्हणाली. थंडीचे आहे का? “नाय.” मग कशाला? “असांदे म्हणतंय ना.” आम्ही जागेचा हिशेब सांगितला, तो तिने शांतपणे ऐकला, आणि बोचके मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली. आंबोलीपर्यंत आम्ही तिला टोचून बोललो, हे आता लिहिताना बरे वाटत नाही.

आंबोलीला धुके होते. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस घेणारे ते गाव कार्तिकातही ओलेच असते. तिथल्या हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या एका चिमुकल्या माशासाठी 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. मासा बोटाएवढा, आणि त्याच्या नावाने देवळामागची जागा राखलेली. आई पाण्यापाशी वाकून बराच वेळ उभी होती. कोल्हापुरात आम्ही एक घोंगडी घेतली. दख्खनी मेंढीची लोकर, खड्ड्याच्या मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली; अंगाला टोचते आणि पहिले काही दिवस वास मारते. पण लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही, हा गुण सुती कपड्यात नाही. घाटावरचा धनगर पावसात ती डोक्यावरून का घेतो, ते आम्हाला तेव्हा कळले.

ताडोबाची पहाट आमच्या साऱ्या यादीची परीक्षा होती. सहाच्या सुमारास उघडी जिप्सी फाटकातून आत शिरली आणि वेग घेताच वारा कानांतून आत गेला. हवेतली थंडी आणि धावत्या गाडीतली थंडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कुठल्याही यादीत नव्हते. आमच्या जाकिटांनी वारा अडवला, पण हात हलवला की ती कागदी पिशवीसारखी सळसळत. वाटाड्याने दोनदा मागे वळून पाहिले. कान आणि हातांची बोटे उघडी राहिली होती, कारण कानटोपी ही म्हाताऱ्यांची वस्तू अशी आमची समजूत. आईने मात्र साडीवर आमच्या वडिलांचा जुना, पूर्ण बाह्यांचा, करड्या रेघांचा शर्ट चढवला होता, वरून घोंगडी, डोक्याला पदर. काजूच्या बागेत निघालेल्या बाईसारखी ती बसली होती आणि तिघींत तीच तेवढी कुडकुडत नव्हती. वडिलांना जाऊन नऊ वर्षे झाली. हा शर्ट बॅगेत कधी आला ते आम्हाला ठाऊक नव्हते. साडेनऊला ऊन चढले आणि थर उतरवता उतरवता मांडीवर कपड्यांचा ढीग झाला. तळ्याकाठी वाघीण दिसली. ती आमच्याकडे न पाहता बांबूत शिरली. आई एवढेच म्हणाली, “तिका काय लागना नाय.” तिला काही लागत नाही.

मेळघाट 1973 साली व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात झाली तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटरवर आहे. तिथल्या रात्री आम्ही होते नव्हते ते सगळे अंगावर घालून झोपलो. आईचे बोचके उशाशी होते. थोरलीने मध्यरात्री उठून विचारले, त्यात पांघरूण असेल तर दे ना. आईने घोंगडी तिच्या अंगावर टाकली, स्वतः चादरीवर राहिली, पण बोचके सोडले नाही. तेव्हा आम्ही समजलो की ते थंडीसाठी आणलेलेच नाही. समजलो, पण उमगले नाही.

चांदोलीला पोचलो तेव्हा प्रवासाचा शेवटचा दिवस होता. वारणेच्या पाण्याला वळसा घालून वाट वर चढते. ताडोबासारखी गर्दी नाही. गव्यांचे खूर, गवत आणि दूरवर झोळंबीचा सडा. एका सपाटीवर गाडी थांबली. गुडघाभर गवतात दगडी जोते दिसत होते, शेजारी आंब्याचे झाड, आणि समोर एक तुळशीवृंदावन, एका अंगाने खचलेले. आईने वाटाड्याला विचारले, “हय कोणाचा घर होता?” त्याला मालवणी कळले. तो म्हणाला, “गाव व्हतं मावशी हितं. सगळीच उठली. आमचं आजोळ पलीकडच्या वाडीत.” धरणाने आणि मग जंगलाने अशी इथली बरीच गावे खाली, घाटमाथ्याच्या पलीकडे नेऊन वसवली गेली. भातखाचरांची गवताळ कुरणे झाली, गवे उतरले. ज्या मोकळ्या कुरणाचे आम्ही मघापासून कौतुक करत होतो, ते शेत होते.

आम्ही गाडीत परत बसलो तेव्हा आई आपणहून बोलली. तिळारीचे धरण झाले तेव्हा तिच्या माहेरचे गाव पाण्याखाली गेले. गोवा आणि महाराष्ट्र या दोन राज्यांच्या त्या प्रकल्पात उठलेल्या घरांत मामाचे घर होते, एवढे आम्हाला माहीत होते. सामान हलवायला आई गेली होती, हे माहीत नव्हते. नव्या जागी काय लागेल याचा विचार करून सगळ्यांनी सामान भरले: भांडी, पत्रे, दारांच्या चौकटी, बैलांची दावणी, भाताची कणगी. आमच्या आजीची दोन लुगडी मागच्या दांडीवर वाळत होती. आजी आधीच गेली होती. लुगडी कुणी वापरत नव्हते, नुसती धुऊन ठेवत. ओली होती म्हणून कुणीतरी म्हणाले, पुढच्या खेपेला नेऊ. आईने तरी एक तशीच ओली काखेत मारली. पुढच्या खेपेला माणसे गेली तेव्हा घर उतरवलेले होते. दुसरे लुगडे कुठे गेले ते कुणालाच सांगता आले नाही.

बोचक्यात ते एक लुगडे होते. “तुमी थंयचा बघून भरलात,” आई म्हणाली. “थंय काय लागतला, ता. जा परत गावचा नाय, ता आदी घेवचा. थंयचा काय, इकत मेळता.”

आम्ही दोघींनी दहा रात्रींसाठी बांधलेले सगळे सामान पुढच्या जागेचा अंदाज घेऊन बांधले होते: तिथे किती थंडी, तिथे कोणते किडे, तिथल्या जनावराला कोणता रंग दिसतो. प्रवास करणारा माणूस असेच बांधतो, कारण मागचे घर आपण सोडू तसेच राहील यावर त्याचा विश्वास असतो. ज्याचे घर एकदा उठले आहे त्याचा तो विश्वास जातो. तो दहा दिवसांसाठी निघाला तरी कायमचा निघाल्यासारखे बांधतो. आम्हाला ते हट्टाचे आणि अडाणीपणाचे वाटले होते, आणि आंबोलीच्या घाटात आम्ही त्यावर विनोद केले होते. राष्ट्रीय उद्याने जशी आज आहेत तशी राहावीत असेच आम्हाला वाटते; वाघीण पाहून आम्ही हरखलो होतो. पण त्या कुरणात उभे राहून केवळ हरखणे त्यानंतर जमले नाही. दोन वर्षांनी, नोव्हेंबर 2025 मध्ये, ताडोबातली एक वाघीण सह्याद्रीत आणून चांदोलीत सोडल्याची बातमी आम्ही आईला वाचून दाखवली. तिने विचारले, तिच्या मनात होते का यायचे? आम्हाला उत्तर देता आले नाही.

तुळशीचे लग्न वेळेत लागले. दुसऱ्या दिवशी बॅगा उपसल्या तेव्हा अंगाला न लागलेले कपडे बाजूला काढत गेलो. ते एकवीस निघाले. निळी जाकिटे भाचीकडे परत पाठवायला बांधून ठेवली. घोंगडी उन्हात टाकली. लुगडे आईने पेटीत, कडुलिंबाच्या पाल्यात परत ठेवले होते. मग आम्ही गंमत म्हणून एकमेकींना विचारले: हे घर परत मिळणार नाही असे समजून निघायचे झाले, तर या ढिगातले काय घेशील? दोघींनी ढीग दोनदा चाळला. त्यात सगळे विकत मिळण्याजोगे होते.

वडिलांचा शर्ट त्या ढिगात नव्हता. आईने तो सकाळीच धुऊन मागच्या दांडीवर घातला होता. दुपारभर त्याच्याकडे आमचे लक्ष नव्हते. ऊन कलले तेव्हा ती उठली, कुणाला न सांगता मागे गेली, आणि थोडा दमट होता तरी तो काढून घरात घेऊन आली.